शेळ्यांचा सांसर्गिक फुफ्फुसदाह

शेळीचें नांव काढल्यास आमचे बागाईतदार वाचक किंचित् हंसतील, हें आम्ही जाणून आहों. तथापि सांगोलें, मंगळवेढें, करमाळें या बाजूस पावसानें दगा दिला म्हणजे ज्वारीच्या कणग्या रिकाम्या पडतात, आणि घरांतील रोख पैसा दावणीच्या उस्मानाबादी शेळ्यांतच काय तो उरतो. २०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांतील शेळ्या एक कोटीहून अधिक भरल्या. या धनावर घाला घालणारा एक रोग म्हणजे सांसर्गिक फुफ्फुसदाह.

शेळी एकाएकीं तापते, कळपामागें रेंगाळते, खोकूं लागते. पुढें पाय फांकवून, मान ताणून, कण्हत श्वास घेते. मेल्यावर छाती उघडून पाहिल्यास आंत पिवळसर पाणी, आणि बहुधा एकाच बाजूचें फुफ्फुस घट्ट झालेलें आढळतें. ज्या कळपास हा रोग पूर्वीं शिवलेला नाहीं, त्यांतील निम्म्याहून अधिक शेळ्या दगावूं शकतात.

"गारठा बाधला" असें आपण म्हणतों. ही समजूत केवळ अडाण्यांचीच आहे असें नाहीं. १८७३ सालीं अल्जीरियांत तोमा नांवाच्या पशुवैद्यानें या रोगाचें वर्णन केलें, तेव्हां त्यानेंही दोष हवेवरच ठेवला. पुढें तुर्कस्तानांतून आणलेल्या अंगोरा शेळ्यांबरोबर तो दक्षिण आफ्रिकेंत उतरला, आणि १८८१ सालीं हचन या पशुवैद्यानें तो संसर्गानें पसरतो हें दाखवून दिलें. त्याचा जंतु मात्र १९७६ सालीं केनियांत प्रथम हातीं लागला. थंडी, ओल, कोंदट गोठा, लांबचा प्रवास यांनीं शेळीचें बळ खचतें हें खरें. पण रोगाचें बीज खोकणाऱ्या शेळीच्या श्वासांतून येतें, आणि ती शेळी बहुधा बाजारांतून आलेली असते.

येथें एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. आपल्यापैकीं पुष्कळजण शेळ्या गड्याकडे अर्धेलीनें देतात. मेलेल्या शेळीचा तोटा कोणाचा, हें आरंभीं ठरलेलें नसतें. म्हणून खोकला ऐकूं आला कीं "मरण्यापूर्वीं बाजार दाखव" असा निरोप मालकाकडूनच जातो. स्वस्त म्हणून ती घेणारा दुसरा गरीबच असतो. महिन्याभरांत त्याचें दावें रिकामें होतें, आणि ओढ्याच्या पाण्यावर तोच खोकला आपल्या कळपास येऊन भेटतो. २००९ च्या कायद्यानें असें जनावर बाजारांत नेण्यास मनाई आहे व रोग कळविणें हें मालकाचें कर्तव्य आहे. आमच्या मतें अर्धेली ठरवितांनाच मरतुकीचा वाटा ठरवावा. म्हणजे गडी रोग लपविणार नाहीं. पशुवैद्यास पहिल्या दोन दिवसांत बोलाविल्यास प्रतिजैविक औषधांनीं बरीच जनावरें वांचतात.

तोंडांत फोड व हगवण असेल तर रोग निराळा, पीपीआर, समजावा. भारतांत तो १९८७ सालीं तामिळनाडूंत प्रथम ओळखला गेला. त्याची लस करडांस चौथ्या महिन्यांत टोचावी; ती सुमारें तीन वर्षें पुरते. मात्र ती टोचली म्हणून फुफ्फुसदाहापासून निर्भय राहूं नये.

नवी शेळी तीन-चार आठवडे निराळ्या दाव्यास, निराळ्या पाण्यावर ठेवावी. खतासाठीं परका कळप शेतांत बसवाल त्या रात्रीं आपल्या शेळ्या वाड्यांतच बांधाव्या.