समुद्रतळ पाहावयास कोठें जावें?

समुद्राच्या पोटांत काय आहे हें पाहण्याची इच्छा मनुष्यास फार प्राचीन काळापासून आहे. मोत्यांसाठीं बुड्या मारणारे पाणबुडे एका श्वासावर खालीं जात आणि छातींतील हवा संपण्यापूर्वीं वर येत. पुढें जड शिरस्त्राण घालून व वरून नळीनें हवा घेऊन काम करणारे पाणबुडे आले. पण ती नळी जेथवर पुरेल तेथवरच त्यांस जातां येई. इ. स. १९४३ मध्यें झाक कूस्तो हा फ्रेंच आरमारी अधिकारी व एमिल गान्यां हा यंत्रज्ञ ह्या दोघांनीं एक युक्तीची कळ सिद्ध केली. पाण्यांत उतरलेल्या मनुष्यानें श्वास घेतांच, पाठीवरील सिलिंडरांतील दाबलेली हवा हवी तेवढीच त्याच्या तोंडांत सोडणें हें तिचें काम. तेव्हांपासून सामान्य मनुष्यासही समुद्राखालीं मोकळेपणानें हिंडतां येऊं लागलें. ह्या साधनास इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘स्कूबा’ असें म्हणतात.

आतां हा छंद जगभर पसरला आहे. निळ्या पाण्यांतील रंगीबेरंगी मासे पाहून मुलें मोहित होतात व आईबाप काळजींत पडतात. आमच्या मतें मोहही स्वाभाविक आहे आणि काळजीही रास्त आहे. दोहोंचा मेळ घालावयाचा तर ‘जगांतील सर्वोत्तम ठिकाण कोणतें?’ असा प्रश्न करूंच नये. ‘ह्या मनुष्यास, ह्या महिन्यांत, कोणतें पाणी योग्य?’ असा प्रश्न करावा. तो कसा सोडवावा हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम खोलीचा विचार करूं. आपल्या सभोंवतीं जी हवा आहे तिचा दाब आपणांवर सतत असतो. समुद्रांत प्रत्येक १० मीटर खालीं गेलें कीं तितकाच दाब आणखी वाढतो; म्हणजे १० मीटरवर तो दुप्पट, २० मीटरवर तिप्पट आणि ३० मीटरवर चौपट होतो. ज्या विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानाच्या तासास बॉइलचा नियम पाठ केला असेल त्यांना तो येथें कामीं येईल. ३० मीटरवर भरलेला एक लिटरचा फुगा पृष्ठभागीं येईपर्यंत चार लिटरांचा होतो. छातींतील हवेचेंही तसेंच होऊं पाहतें. म्हणून श्वास रोखून वर येणें ही पाण्याखालील सर्वांत मोठी चूक होय, कारण तीमुळें फुप्फुस फाटतें. दुसरें असें कीं, त्या खोलीवर प्रत्येक श्वासास चौपट हवा खर्च होते, आणि सिलिंडर तितक्याच लवकर रिकामा होतो. तिसरें असें कीं, दाबामुळें हवेंतील नत्रवायु रक्तांत विरघळतो. मनुष्य घाईनें वर आला तर सोडावॉटरची बाटली उघडतांच जसे बुडबुडे उसळतात तसे ते अंगांत उसळतात, आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत अनर्थ ओढवूं शकतात. सुमारें ३० मीटरच्या पलीकडे हाच वायु मद्यासारखी गुंगीही आणतो.

ह्यासाठीं शिक्षणाच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिल्या पायरीवरील मनुष्यानें १८ मीटरपर्यंत व दुसरीवरील मनुष्यानें ३० मीटरपर्यंत जावें. छंद म्हणून उतरणाऱ्यास ४० मीटर ही शेवटची सीमा मानतात. १० वर्षांखालील मुलास हें शिक्षण सहसा देत नाहींत, आणि १०-११ वर्षांच्या मुलास १२ मीटरचीच मर्यादा असते.

आतां हें माप घेऊन एका जगप्रसिद्ध स्थळाकडे पाहूं. मध्य अमेरिकेंतील बेलीझ देशाच्या किनाऱ्यापलीकडे ‘ग्रेट ब्ल्यू होल’ नांवाचें सुमारें ३०० मीटर रुंद व १२० मीटरांहून अधिक खोल असें वर्तुळाकार विवर आहे. १९७१ सालीं कूस्तो तेथें गेला आणि त्याची कीर्ति सर्वत्र पसरली. तेथील खरें नवल म्हणजे छतापासून लोंबणारे चुनखडीचे स्तंभ. असे स्तंभ पाण्याखालीं बनत नाहींत. थेंब थेंब पाणी गळून ते कोरड्या गुहेंत बनतात. अर्थात् हिमयुगांत समुद्राची पातळी पुष्कळ खालीं होती आणि तेव्हां ही जागा गुहा होती, ह्याची साक्ष ते देतात. परंतु हे स्तंभ सुमारें ४० मीटर खोलीवर आहेत. नवशिक्या तेथें गेला तर एक तो ते न पाहतां परतेल, किंवा मर्यादा ओलांडून जीव धोक्यांत घालील. इजिप्तमधील दहाब येथेंही असेंच एक विवर आहे. तेथील कमान ५० मीटरांहून खोल असून तिच्या मोहानें अनेकजण प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ किनाऱ्यावरील खडकांत पाट्या बसविल्या आहेत.

मात्र त्याच तांबड्या समुद्राचा बाकीचा किनारा नवशिक्यास उत्तम आहे. ह्या समुद्रास बारमाही नदी एकही मिळत नाहीं आणि भोंवतीं वाळवंट असल्यामुळें पाऊसही फार थोडा पडतो. त्यामुळें गाळ येत नाहीं व पाणी नितळ राहतें. शिवाय ठिकठिकाणीं किनाऱ्यापासून चार पावलांवरच प्रवाळांची रांग लागते. अनुभव वाढला म्हणजे तेथेंच ‘थिसलगॉर्म’ हें ब्रिटिश जहाज पाहावें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ च्या ऑक्टोबरांत, जर्मन विमानांनीं तें बुडविलें. मोटारसायकली, मालमोटारी, सैनिकांचे बूट हें सर्व सामान सुमारें ३० मीटर खोल तळाशीं आजही पडलेलें आहे. इतिहासाचा असा धडा वर्गांत क्वचितच मिळेल.

दुसरा विचार ऋतूचा. नारळी पौर्णिमेपूर्वीं होडी दर्यांत लोटूं नये हें कोंकणांतील लहान मुलासही ठाऊक असतें. तोच न्याय सर्व समुद्रांस लागू आहे. मालदीव बेटांत डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत ईशान्येचा वारा असतां पाणी सामान्यतः स्वच्छ असतें. पुढें नैर्ऋत्येचा वारा सुटला कीं सूक्ष्म जीवांनीं पाणी गढूळ होतें. पण तेंच खाद्य असल्यानें हानिफारू नांवाच्या उपसागरांत मांटा जातीचे प्रचंड पंखाकृति मासे थव्यांनीं जमतात. तेथें सिलिंडर घेऊन उतरण्यास मनाई आहे. पृष्ठभागावर पोहतच तें दृश्य पाहावें लागतें. नितळ पाणी आणि मोठे मासे हीं दोन्ही सुखें एकाच वेळीं मिळतील अशी आशा धरूं नये. कॅरिबियन समुद्रांत जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ असतो; तथापि दक्षिणेकडील बोनेर बेट वादळांच्या नेहमींच्या मार्गाबाहेर आहे.

तिसरा विचार प्रवाहाचा व थंडीचा. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस गालापागोस बेटें आहेत. तीं विषुववृत्तावर असलीं तरी थंड प्रवाहांमुळें तेथील पाणी अंग गारठवितें. आणि ह्याच प्रवाहांबरोबर अन्न वर येतें म्हणून हातोड्याच्या आकाराच्या डोक्याचे शार्क तेथें झुंडींनीं दिसतात. जेथें जीवसृष्टि विपुल तेथें प्रवाहही बहुधा जोराचा, ही गोष्ट इंडोनेशियांतील राजा अंपात बेटांतही दिसून येते. अशीं स्थळें अनुभवी लोकांचींच. उलट आइसलंडमधील सिल्फ्रा ह्या भेगेंत प्रवाह मंद आहे, पण पाणी २ ते ४ अंशांचें. उत्तर अमेरिका व युरेशिया हीं भूपृष्ठाचीं दोन दळें जेथें एकमेकांपासून दूर सरत आहेत तेथें ही भेग पडली आहे. हिमनदीचें पाणी लाव्हारसाच्या खडकांतून अनेक वर्षें गाळून तेथें येतें, म्हणून शंभर मीटरपर्यंतचें स्वच्छ दिसतें. मासे मात्र जवळजवळ नाहींत. अंगास पाणी न लागूं देणारा पोशाख वापरण्याचा सराव असल्याशिवाय तेथें बुडी घेऊं नये.

एवढें समजल्यावर घरच्या समुद्राकडेही डोळसपणें पाहतां येईल. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाणी उथळ आहे, १९८७ सालीं तेथें सागरी अभयारण्य जाहीर झालें, आणि जवळच तारकर्लीस स्कूबाचें शिक्षण मिळण्याची सोय आहे. नद्यांच्या गाळामुळें तेथें लक्षद्वीपाइतकें दूरवर दिसणार नाहीं. पण पहिला धडा गिरविण्यास दूरचें दिसण्याची गरज नसते. लक्षद्वीपास नद्या नाहींत, म्हणून तेथील खाजणें काचेसारखीं स्वच्छ आहेत. अंदमानांतील स्वराज द्वीपास डिसेंबर ते एप्रिल हे महिने चांगले. विजयदुर्गापासून सुमारें १०० किलोमीटर आंत समुद्रांत बुडालेलें एक पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांच्या नांवावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथाच सुमारें २० मीटर खोल आणि भोंवतीं उघडा दर्या, तेव्हां तें नवशिक्यासाठीं नव्हे.

पालकांसाठीं आणखी दोन शब्द. दमा, हृदयविकार किंवा कानाचें दुखणें असल्यास वैद्याच्या संमतीवांचून मुलास पाण्यांत उतरूं देऊं नये. एका शिक्षकाकडे किती मुलें असतात, होडीवर प्राणवायूची सोय आहे काय, आणि दाबाच्या कोठडींत उपचार करणारें रुग्णालय किती तासांच्या अंतरावर आहे, हें आगाऊ विचारावें. विचारण्यांत संकोच कसला? जो मालक अशा प्रश्नांनीं चिडतो त्याची होडी सोडून द्यावी. अनेक दिवस बुड्या मारल्यावर निदान १८ तास विमानांत बसूं नये. कारण उंचावर दाब कमी होतो व अंगांत उरलेल्या नत्रवायूचे बुडबुडे बनतात. मालवणाहून लगेच घाट चढणें हेंही थोड्याफार प्रमाणांत तसेंच आहे. म्हणून सहलीचा शेवटचा दिवस किनाऱ्यावर काढावा.

शेवटचा विचार त्या स्थळाच्या हिताचा. प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हे. तें असंख्य सूक्ष्म प्राण्यांचें घर आहे. त्यांच्या शरीरांत राहणारी सूक्ष्म वनस्पति त्यांस अन्न व रंग देते. पाणी प्रमाणाबाहेर तापलें म्हणजे ती निघून जाते, प्रवाळ पांढरें पडतें, आणि उष्णता टिकली तर मरतें. ऑस्ट्रेलियाच्या २,३०० किलोमीटर लांब प्रवाळरांगेवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ व २०२४ ह्या सालीं हें संकट कोसळलें. आमच्या अंदमानांत २०१० सालीं. अशा दुबळ्या झालेल्या प्रवाळावर पाय ठेवणें म्हणजे आजाऱ्यास लाथ मारणें होय. बोनेर बेटानें १९७९ पासून आपला समुद्र राखून ठेवला आहे. पलाऊ देशांत २०१७ पासून पाहुण्याच्या पासपोर्टावरच निसर्ग न दुखविण्याची प्रतिज्ञा छापून त्याची सही घेतात. जेथें नियम कडक असतील तें ठिकाण पसंत करावें. तेथें पाहण्यासारखें कांहीं शिल्लक राहिलेलें असतें.

तेव्हां, विद्यार्थिमित्रांनो, नकाशा उघडण्यापूर्वीं पोहणें शिका. न थांबतां २०० मीटर पोहतां आलें आणि दहा मिनिटें पाण्यावर स्वस्थ राहतां आलें, म्हणजे पहिल्या पायरीची तयारी झाली असें समजा. पुढील पायऱ्या एकेक करून चढा. समुद्र पळून जात नाहीं. गालापागोसचे शार्क आणि बेलीझचे स्तंभ तुमची योग्यता होईपर्यंत वाट पाहतील. प्रवाळ मात्र किती काळ वाट पाहील हें पुष्कळसें आपणां सर्वांच्या वागणुकीवर अवलंबून आहे, आणि त्याची काळजी वाहण्यास पाण्यांत उतरण्याचीही आवश्यकता नाहीं.