नरकाच्या आठवड्यात रक्त काय सांगतं

नॉर्वेत लष्करी सेवा सक्तीची आहे आणि २०१५ पासून ती मुलींनाही लागू आहे. 'नाटो'तल्या देशांत हे पाऊल सर्वांत आधी उचललं ते नॉर्वेनेच. कायदा सक्तीचा असला तरी दरवर्षी पात्र वयात येणाऱ्या सुमारे ६०,००० तरुणांपैकी सहा-सातांमागे एखाद्यालाच प्रत्यक्ष बोलावणं येतं. त्यामुळे निवड होते ती पोरं बहुधा धडधाकट आणि हौशीही असतात. त्यातल्या काहींना साधी सेवा पुरत नाही, ती विशेष दलासाठी नाव देतात. २०१४ मध्ये या दलाने फक्त मुलींची एक तुकडी उभी केली, तिचं नाव 'येगेरत्रोप्पन'.

अशा निवडीत एक आठवडा असतो, त्याला सैनिक सरळ 'नरकाचा आठवडा' म्हणतात. पाठीवर पिठ्ठू, रात्रंदिवस चाल, जेवण नावापुरतं आणि झोप सगळी मिळून काही तासांची. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतून बाहेर पडलेल्या कुणालाही 'रगडा' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. हा रगड्याचाही थोरला भाऊ.

शरीरशास्त्रज्ञांना मात्र या आठवड्याचं भारी आकर्षण. धडधाकट विशीतल्या पोरांना आठवडाभर उपाशी ठेवून, झोपू न देता, डोंगरात पळवण्याची परवानगी प्रयोगशाळेत कोण देणार? लष्कर ते एरवीही करतंच, शास्त्रज्ञांनी फक्त सुई आणि नळ्या घेऊन हजर राहायचं. नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेतले पेर क्रिस्टियान ओप्स्टाड यांनी नेमकं हेच केलं. १९७०च्या दशकापासून ते आणि त्यांचे सहकारी सैनिकी अकादमीच्या कॅडेटांचं रक्त या आठवड्यात काढत आणि तपासत राहिले.

पहिला प्रश्न ऊर्जेच्या खर्चाचा. डोंगरात धावणाऱ्या माणसाच्या तोंडावर दिवसभर मुखवटा लावून श्वास मोजता येत नाही. त्यासाठी एक देखणी युक्ती आहे. सैनिकाला पेलाभर खास पाणी पाजतात, त्यातला काही हायड्रोजन आणि काही ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड असतो. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे, म्हणजे लघवी, घाम आणि श्वासातल्या वाफेवाटे बाहेर पडतो. जड ऑक्सिजन पाण्यावाटे जातोच, शिवाय कार्बन डायऑक्साइडमधूनही निसटतो. पुढचे काही दिवस लघवीचे नमुने घ्यायचे आणि दोन्ही किती वेगाने घटतात ते पाहायचं. दोघांतला फरक म्हणजे बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावरून जळालेलं इंधन. बाटलीतल्या लघवीवरून डोंगरातल्या आठवड्याची मेहनत मोजता येते.

अमेरिकी संशोधक रीड हॉयट आणि ओप्स्टाड यांनी २००६ मध्ये सात दिवसांच्या अशाच सरावाचे आकडे प्रसिद्ध केले. पुरुषांचा खर्च दिवसाला ६,००० कॅलरींच्या वर, स्त्रियांचा ५,०००च्या आसपास. आपण दिवसभर खुर्चीत बसून साधारण २,००० खर्च करतो. आणि या पोरांच्या पोटात जवळजवळ काही जात नव्हतं.

मग पैसे येतात कुठून? यकृतातला साखरेचा साठा शंभरेक ग्रॅम, तो पहिल्याच दिवशी आटतो. स्नायूंतला साठा त्याच्या काही पट, पण तोही चढावर फार पुरत नाही. पुढे चरबी जळू लागते. अडचण मेंदूची. त्याला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि माणसाच्या शरीराला चरबीतून पुरेसं ग्लुकोज करता येत नाही. ते मुख्यतः प्रथिनांतून करावं लागतं, आणि प्रथिनं म्हणजे स्नायू. ज्या मांड्यांनी डोंगर चढायचा, त्याच मांड्या थोड्या थोड्या मोडून मेंदू चालवायचा. इथे स्त्रियांची बाजू वरचढ ठरली. त्यांच्या खर्चात चरबीचा वाटा पुरुषांपेक्षा जास्त होता. चरबीचं कोठार मोठं आणि ते उघडण्याची सवयही चांगली. मुलींना हे झेपेल का, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी निदान हा एक कागद वाचायला हवा.

दुसरीकडे शरीर खर्चाला कात्री लावतं. थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक घसरतं, वाढीला लागणारे घटक घसरतात, आणि सर्वांत ठळक म्हणजे टेस्टोस्टेरॉन कोसळतं. विशीतल्या तरण्याबांड पोराच्या रक्तात काही दिवसांतच म्हाताऱ्यालाही शोभणार नाही इतकी खालची पातळी येते. तर्क साधा आहे. उपासमारीच्या काळात प्रजोत्पादन थांबू शकतं, श्वास थांबू शकत नाही. ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल मात्र चढत जातं.

ओप्स्टाड यांचं मला सर्वांत विलक्षण वाटलेलं निरीक्षण १९९४चं आहे. कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन अशी संप्रेरकं एरवी घड्याळ पाळतात, पहाटे-सकाळी वर आणि रात्री खाली. या कॅडेटांच्या रक्तात तो चढउतार जवळपास पुसला गेला होता. गंमत अशी, की कामातला चढउतार उलट वाढला होता. त्याआधीच्या चाचण्यांत पहाटे अगदी साध्या कामातही पोरं गोंधळत आणि दुपारी तीच पोरं पुन्हा थोडी ताळ्यावर येत. झाडांच्या जागी माणसं दिसणं, नसलेले आवाज ऐकू येणं हे तर नित्याचंच. यात वेडबिड काही नाही, झोप न मिळालेला मेंदू जागेपणीच स्वप्नं पाहू लागतो.

पाय पहाटे तीन वाजताही चालत राहतात, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवं. हुकूम मिळाला की ते उठतात. आधी जातो तो विवेक. रोल्फ लार्सेन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो. सरावाने आणि जागरणाने पिंजलेल्या लष्करी विद्यार्थ्यांना पुतळ्यांवर गोळीबाराचा हुकूम दिला गेला. पुतळ्यांच्या जागी खरी माणसं होती. रायफली त्यांच्या नकळत निकामी केलेल्या होत्या, म्हणून कुणी दगावलं नाही, पण निम्म्याहून अधिक जणांनी चाप ओढला. लक्ष्य हलतंय हे कळलेल्यांपैकीही बाकीच्यांना ओरडून सावध करणारे विरळाच. ही मुलं क्रूर नव्हती. डोळे नीट होते, हात नीट होते, पण 'हे काय चाललंय?' असं विचारणारा मेंदूतला भाग पेंगत होता. असा प्रयोग आज कुणी करू देईल असं वाटत नाही, आणि देऊही नये.

सैनिकांना विचाराल तर ते यातलं काही सांगणार नाहीत, ते पायांबद्दल बोलतील. फोड कातडीच्या पृष्ठभागावर येत नाही. बूट कातडीला एकीकडे ओढतो, आतलं हाड दुसरीकडे जातं, आणि या खेचाखेचीत कातडीचे आतले थर एकमेकांपासून सुटतात. त्या फटीत पाणी भरतं. ओलसर कातडी बुटाला जास्त चिकटते, म्हणून पावसाळी आठवड्यात फोड जास्त. जुने शिपाई मोजे सुके ठेवण्यावर जीव टाकतात ते उगाच नाही.

आठवडा संपतो. पोरं जेवतात, तासन्तास झोपतात. वजन भरू लागतं, चेहऱ्यावर तुकतुकी येते, 'आता काही त्रास नाही' असंही ती म्हणतात. नॉर्वेच्या विशेष दलातल्या पुरुष उमेदवारांवरचा, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला हावार्ड हामार्सलंड यांचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. संप्रेरकं आठवडाभरात बहुतांशी जागेवर आली होती. मग त्यांना जागच्या जागी उंच उडी मारायला लावली, तर दोन आठवडे उलटल्यावरही उडी आधीच्या उंचीला पोचत नव्हती. रक्ताने 'सगळं ठीक' असा निर्वाळा दिला होता, मांड्यांनी दिला नव्हता.

म्हणजे या आठवड्यात कुणी तगडं होत नाही. ही निवडीची चाळणी आहे, व्यायाम नव्हे. तगडेपण त्याआधीच्या महिन्यांत येतं आणि या आठवड्यात त्यातलं बरंचसं खर्ची पडतं. खडकवासल्यात २०२२ पासून मुली दाखल झाल्या आणि त्यांच्यातल्या १७ जणींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, तेव्हा हा विषय आता आपल्याही घरांतला आहे. खडतर कॅम्प संपवून आलेल्या पोरापोरींना पुन्हा मैदानात उतरवण्याआधी उस्तादाने त्यांना 'कसं वाटतंय?' एवढंच विचारून भागणार नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. भिंतीवर खडूने एक खूण करून त्यांना उडी मारायला सांगितलं, तर ते जास्त खरं बोलतील.