‘महागडं इंजेक्शन’: फुप्फुसाचा कर्करोग, इम्युनोथेरपी आणि घरातले प्रश्न

आमच्या पाम-टेंभी भागात केमोथेरपीला ‘केमो’ म्हणतात आणि रेडिएशनला ‘शेक’. हे शब्द घराघरांत रुळले आहेत. इम्युनोथेरपीला मात्र अजून घरगुती नाव मिळालेले नाही. तिला सगळे ‘ते महागडं इंजेक्शन’ असेच म्हणतात. किमतीवरून ओळखले जाणारे हे औषध नेमके काय करते, कोणाला लागू पडते आणि घेतल्यावर कशावर लक्ष ठेवायचे, हे मात्र त्या घरांतही बहुधा कोणाला सांगता येत नाही, जिथे त्यासाठी जमीन किंवा दागिने मोडले गेले.

मी डॉक्टर नाही. शब्दकोश शेजारी ठेवून वैद्यकीय संशोधन वाचत गेलो, अडले ते जाणकारांना विचारत गेलो, एवढीच माझी तयारी. गेल्या काही वर्षांत पाम, टेंभी, पास्थळ, कुरगाव आणि बोईसरच्या चाळींतल्या काही घरांत बसून मी या आजाराबद्दल ऐकले. त्या माणसांची नावे इथे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या बोलण्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. केमोमध्ये घरच्यांनी निमूटपणे सोबत केली तरी निभावते. या उपचारात माहिती असणे हाच उपचाराचा एक भाग आहे.

लगाम सोडणारे औषध

‘इम्युनिटी वाढवणारं इंजेक्शन’ हे वर्णन मी अनेकदा ऐकले. त्यामुळे सोबत गुळवेल, च्यवनप्राश, काढेही सुरू होतात. पण हे औषध शक्ती वाढवत नाही. शरीराच्या रक्षक पेशींवर, म्हणजे टी पेशींवर, निसर्गानेच लगाम ठेवलेले असतात. ते नसते तर या पेशींनी आपल्याच अवयवांवर हल्ला केला असता. क्योटोच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली यांपैकी एक लगाम सापडला, त्याचे नाव पीडी-१. अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन यांनी सीटीएलए-४ या दुसऱ्या लगामावर काम केले आणि तो सैल केला तर उंदरांतल्या गाठी विरघळतात हे दाखवले. दोघांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्करोगाच्या अनेक पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ नावाचे प्रथिन मिरवतात. ते टी पेशीवरच्या पीडी-१ ला जाऊन चिकटले की लगाम खेचला जातो आणि समोर आलेली टी पेशी थंड पडते. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे मध्ये बसून हे चिकटणे थांबवतात. पुढचे काम टी पेशीच करतात.

तारापूर एमआयडीसीत औषधे बनतात हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग हेही तिथेच स्वस्तात का होत नाही, असा प्रश्न एका कामगाराने मला विचारला. अ‍ॅस्पिरिनसारखा रेणू रिअ‍ॅक्टरमध्ये रसायने मिसळून तयार होतो. निव्होलुमॅबचा रेणू अ‍ॅस्पिरिनच्या सुमारे ८०० पट वजनाचा असतो आणि तो जिवंत पेशींकडूनच तयार करून घ्यावा लागतो. त्या पेशी वाढवायच्या, प्रथिन गाळून शुद्ध करायचे, थंड साखळीत सांभाळायचे, हा सगळा खर्चिक उद्योग आहे. अर्थात किंमत फक्त त्यामुळे चढत नाही. पेटंटची मक्तेदारी हे त्याहून मोठे कारण आहे.

रिपोर्टची वाट

आमच्याकडे खोकला महिनाभर थांबला नाही की आधी क्षयाची शंका येते. क्षय इथे खरोखरच आहे, त्यामुळे शंका चुकीची म्हणता येत नाही. पण छातीच्या फोटोतला डाग क्षयाचा समजून एकेटीच्या गोळ्या सुरू होतात, दोन-तीन महिने जातात आणि मग तुकडा तपासायला पाठवला जातो. तोवर बहुतेकांचा आजार पसरलेला असतो. म्हणून निदान झाल्यावर घरच्यांना एकच घाई असते: काहीतरी लगेच सुरू करा.

नेमके इथेच थांबायला शिकावे लागते. फुप्फुसाच्या कर्करोगाचे आता एकच नाव पुरत नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९०७ रुग्णांपैकी २३ टक्के रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकाचा बदल सापडला होता. हा बदल कधीच धूम्रपान न केलेल्या माणसांत अधिक आढळतो. अशा रुग्णांना त्या बदलावर नेम धरणाऱ्या गोळ्या चांगल्या लागू पडतात आणि त्यांतल्या जुन्या गोळ्या आज स्वस्तातही मिळतात. इम्युनोथेरपीचा उपयोग मात्र त्यांना सहसा कमी होतो. शिवाय आधी इम्युनोथेरपी घेतली आणि लगेच ऑसिमर्टिनिबसारखी गोळी सुरू केली, तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणजे जनुक तपासणीचा आणि पीडी-एल१ चा रिपोर्ट यायच्या आत घाईने घेतलेले महागडे इंजेक्शन पैसे तर घालवतेच, पुढची वाटही अवघड करू शकते.

पास्थळच्या एका बाईंनी आयुष्यात कधी बिडीला हात लावला नव्हता. मुलाने वाडीचा सौदा ठरवत आणला होता. रिपोर्टमध्ये ईजीएफआर निघाला, गोळ्या सुरू झाल्या आणि सौदा राहिला. उलट, जन्मभर बिडी ओढलेल्यांच्या गाठीत जनुकीय बिघाड खूप साचलेले असतात. त्यामुळे रक्षक पेशींना त्या परक्या म्हणून ओळखणे सोपे जाते आणि अशा रुग्णांत या औषधाला प्रतिसाद मिळण्याची शक्यता तुलनेने अधिक असते.

‘एमआयडीसीच्या धुरानंच झालं ना?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. बाहेरच्या हवेतले प्रदूषण फुप्फुसाचा कर्करोग घडवते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये दिला आहे. पण एका विशिष्ट माणसाची गाठ कशाने झाली हे तपासणीतून सांगता येत नाही. उपचार ठरतो तो गाठीच्या आजच्या स्वभावावरून.

शंभरातले किती?

२०१६ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि फुप्फुसाच्या कर्करोगाची चर्चाच बदलली. तिच्यात ३०५ रुग्ण होते. सगळ्यांचा आजार पसरलेला होता, पीडी-एल१ चे प्रमाण ५० टक्के किंवा त्याहून अधिक होते आणि ईजीएफआरसारखे बदल नव्हते. निम्म्यांना केमो दिली, निम्म्यांना पेम्ब्रोलिझुमॅब. पाच वर्षांनी केमोच्या गटातले १६.३ टक्के रुग्ण हयात होते आणि पेम्ब्रोलिझुमॅबच्या गटातले ३१.९ टक्के. केमोच्या गटातल्या अनेकांना आजार वाढल्यावर पुढे हे औषध मिळालेही होते, तरी हा फरक राहिला.

पसरलेल्या आजारात पाच वर्षे जगणारा तिसरा हिस्सा ही पूर्वी कल्पनेतही नसलेली गोष्ट होती. पण याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की निवडून घेतलेल्या, सर्वांत अनुकूल गटातही तीनांपैकी दोन माणसे पाच वर्षांत गेली. पीडी-एल१ कितीही असो, अशा रुग्णांना केमोसोबत हे औषध दिलेल्या दुसऱ्या एका चाचणीत पाच वर्षांनी १९.४ टक्के हयात होते आणि नुसत्या केमोवर ११.३ टक्के.

कुटुंबाच्या कानावर ही दोन्ही टोके एकत्र क्वचितच पडतात. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाचा व्हिडिओ पाठवते. दुसरा नातेवाईक म्हणतो, पैसे पाण्यात. एका घराने एक्स्प्रेसवेत गेलेल्या जमिनीचा मोबदला या औषधावर घातला. चार फेऱ्यांनंतरच्या स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसल्या. धाकटा भाऊ मला म्हणाला, ‘दादासाठी केलं त्याचं दुःख नाही. पण शंभरातले किती, हे कुणी आधी सांगितलं असतं तर आम्ही थोडं राखून ठेवलं असतं, वहिनी आणि पोरांसाठी.’ त्या घराला आशा सोडायची नव्हती, आशेचे माप हवे होते.

खर्चाच्या बाजूने काही दरवाजे किलकिले झाले आहेत. पेम्ब्रोलिझुमॅबवरचे सीमाशुल्क २०२३ मध्ये आणि ड्युर्व्हालुमॅबवरचे जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झाले. काही कंपन्यांच्या योजनांत सुरुवातीचे ठरावीक डोस विकत घेतले की पुढचे मोफत मिळतात. पण औषध लागू पडले नाही तर रुग्ण मोफत डोसांपर्यंत पोहोचतच नाही, हे हिशेबात धरायला हवे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड आहे म्हणून हे इंजेक्शन त्यात बसेलच असे गृहीत धरू नये. औषधाचे नाव सांगून रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात आधी विचारावे.

परळचा प्रयोग

औषध किती द्यायचे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. निव्होलुमॅबच्या पहिल्या चाचण्यांत माणसाच्या वजनाच्या दर किलोला ०.१ पासून १० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा देऊन पाहिल्या होत्या. अगदी लहान मात्रेतही टी पेशींवरचे बरेचसे लगाम व्यापले जातात असे दिसले होते. तरी बाजारात मोठी मात्रा आली.

टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोके व मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात याचाच कस लावला. आपल्याकडे तंबाखू आणि मिश्रीमुळे हा आजार घरोघरी माहीत आहे. गरीब देशांत अशा रुग्णांपैकी जेमतेम १ ते ३ टक्क्यांना मान्यताप्राप्त नवे उपचार परवडतात. या चाचणीत १५१ रुग्ण होते. निम्म्यांना कमी मात्रेची, तोंडाने घ्यायची औषधे दिली. उरलेल्यांना तीच औषधे आणि सोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असते. सहा आठवड्यांचा हिशेब मांडला तर ७२० विरुद्ध ४०, म्हणजे अठरावा हिस्सा. एका वर्षानंतर निव्होलुमॅब न मिळालेल्यांतले १६.३ टक्के हयात होते आणि मिळालेल्यांतले ४३.४ टक्के. ४० मिलिग्रॅमच्या एका बाटलीत दोन रुग्णांचे डोस बसतात. त्यामुळे दोघांना एकाच दिवशी बोलावले की काहीच वाया जात नाही.

हा निष्कर्ष जसाच्या तसा फुप्फुसाला लावता येत नाही. पहिल्या चाचण्यांत फुप्फुसाच्या रुग्णांमध्ये लहान मात्रेला प्रतिसाद कमी दिसला होता. शिवाय परळच्या चाचणीत तुलना ‘थोडे औषध की अजिबात नाही’ अशी होती, ‘थोडे की पूर्ण’ अशी नव्हती. नेदरलँड्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मात्रा कमी करून पाहणारी मोठी चाचणी हाती घेतली गेली. म्हणून ‘मला वीस मिलिग्रॅमच द्या’ असा आग्रह धरणे योग्य नाही. ‘माझ्या आजारात कमी मात्रेचा काही पुरावा आहे का, इथे एखादी चाचणी सुरू आहे का’ हे मात्र जरूर विचारावे.

रुग्णाला माहीत असलेच पाहिजे

आमच्याकडे कर्करोगाचे नाव रुग्णाला न सांगण्याची रीत अजून टिकून आहे. ‘छातीत पाणी झालंय, ताकदीची इंजेक्शनं आहेत,’ असे आजोबांना सांगितले जाते. त्यामागे प्रेम असते. या उपचारात मात्र ही रीत धोक्याची ठरते.

लगाम सोडलेली टी पेशी कधीकधी आपल्याच अवयवावर धावून जाते. आतड्याला सूज आली की जुलाब, फुप्फुसाला आली की कोरडा खोकला आणि धाप, थायरॉइड बिघडले की थकवा. यकृत, मूत्रपिंड, क्वचित हृदयही सापडते. बहुतेकांना हे सौम्य असते, काहींना जिवावर बेतते. ते पहिल्या फेरीनंतर होऊ शकते, तसेच औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीही. अनेकदा उपचार स्टेरॉइडचा असतो आणि तो वेळेत सुरू व्हावा लागतो.

बोईसर ते चर्चगेट अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. डहाणू लोकलने दादरला किंवा मधली गाडी बदलून प्रभादेवीला उतरायचे आणि परळ गाठायचे, यात अर्धा दिवस जातो. म्हणून जुलाब लागले की माणूस आधी जवळच्या दवाखान्यात जातो. तिथल्या डॉक्टरांना इम्युनोथेरपीचे कोणी सांगितलेले नसते, कारण रुग्णालाच ती ठाऊक नसते. एका आजोबांची धाप अशीच आठवडाभर न्यूमोनिया समजून अँटिबायोटिकवर राहिली. नातीने जुनी फाइल काढून औषधाचे नाव वाचून दाखवले, तेव्हा त्यांना मुंबईला हलवले. ते वाचले. त्या दिवसापासून त्यांनाही आपला आजार कळला आणि नातीच्या म्हणण्याप्रमाणे, त्यानंतर ते स्वतःच रोजची धाप वहीत लिहू लागले.

म्हणून या घरांकडून शिकलेल्या काही गोष्टी इथे नोंदवतो. औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेला कागद रुग्णाच्या खिशात असावा. गावातल्या डॉक्टरांना पहिल्या डोसच्या आधीच भेटून सांगावे. रुग्णालयाचा तातडीचा क्रमांक घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावा. डॉक्टरांसमोर बसल्यावर चार गोष्टी विचाराव्यात: सगळे रिपोर्ट आले का, माझ्यासारख्या शंभरातल्या किती जणांना उपयोग होतो, कोणत्या स्कॅननंतर थांबायचे की पुढे जायचे हे ठरेल, आणि लागू पडले तर किती काळ घ्यायचे. पेम्ब्रोलिझुमॅबच्या त्या मूळ चाचणीत कमाल ३५ डोस, म्हणजे साधारण दोन वर्षे, एवढीच मर्यादा होती.

ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांकडे पाच मिनिटे असतात, हे मला माहीत आहे. तरीही चिठ्ठीवर लिहून नेलेल्या चार प्रश्नांना पाच मिनिटे पुरतात. कुरगावच्या एका सुनेने अशी चिठ्ठी नेली होती. डॉक्टरांनी उत्तरे त्याच कागदावर लिहून दिली. तो कागद घरी आल्यावर सासऱ्यांनी स्वतः वाचला, आणि इंजेक्शन घ्यायचे की नाही ते त्यांनीच ठरवले.