दक्षिणेची भिंत

लेहजवळचं एक गाव, ऑक्टोबरचा मध्य. उंची साधारण 3,500 मीटर, वर्षाचा पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर, ऊन मात्र वर्षातले तीनशेहून जास्त दिवस. जानेवारीत रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. मी तळेगाव दाभाड्याचा पॉलीहाऊस फिटर. डच गुलाब आणि जरबेऱ्याची छपरं उभी करण्यात आयुष्य गेलं. इथे कंत्राटाच्या कामाला आलो होतो, ते उरकलं. ज्या घरात उतरलो होतो, त्या घराच्या दक्षिण अंगाला यंदा हरितगृह जोडायचं ठरलं होतं. ते बघितल्याशिवाय निघायचं नाही म्हणून तिकीट पुढे ढकललं.

कच्चं काम आधीच झालेलं आहे. उन्हाळ्यात पाडून वाळवलेल्या मातीच्या विटांच्या पूर्व-पश्चिम भिंती उभ्या आहेत. प्रत्येक भिंत दुहेरी, मधल्या पोकळीत पेंढा ठासलेला. पाया दगडाचा. 2010 च्या ऑगस्टमधल्या ढगफुटीनंतर मातीच्या भिंतीला थेट जमिनीवर बसवायला इथे कुणी धजत नाही. आज सांगाडा आणि कागद. प्लास्टिकच्या फिल्मला आम्ही फिटर लोक कागदच म्हणतो.

सकाळी 6

अंगणातल्या बादलीवर बर्फाची पापडी धरलेली. स्वयंपाकघरात अबी-ले, म्हणजे घरातल्या आजी, बुखारीच्या शेगडीत शेण्या सारतायत. घरात सहा माणसं आणि हिवाळ्यात ऊब असलेली खोली एकच. बाकीच्या खोल्या नोव्हेंबर ते मार्च नुसत्या सामान ठेवायला. सरपण इथे सहज मिळत नाही. डोंगर उघडे आहेत, झाड दिसतं ते ओढ्याकाठी माणसाने लावलेलं.

"भैयाजी, आधी चहा," आमा-ले, म्हणजे घरातल्या आई, म्हणतात आणि गुरगुर चहाची वाटी पुढे करतात. लोणी आणि मीठ घातलेला हा चहा पोटात गेला की तासभर थंडी लांब राहते. सोबत खंबीर, जाडसर आंबवलेली रोटी.

सकाळी 7.30

डोंगरामागून ऊन आत्ता अंगणात उतरलं. शेजारच्या दोन घरांतून चौघे जण आले. मजुरी कुणाला द्यायची नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या छपराची माती करायला या घरातून दोघे जातील. याला इथे बेस म्हणतात. आपल्याकडे सावड होती तशी, फक्त इथली अजून चालू आहे.

घरमालक, ज्यांना सगळे आचो म्हणतात, सुतारकाम जाणतात. ओळंबा, गुण्या आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी, एवढ्यावर त्यांनी माप काढलं. लांबी 20 फूट, खोली 8 फूट. मागची बाजू म्हणजे घराचीच दीड फूट जाडीची भिंत, तिच्यावर 8 फुटांवर एक आडवी तुळई ठोकलेली. समोरची भिंत फक्त 1 फूट.

ती दोन फूट घ्या, वारा अडेल, असं एका शेजाऱ्याने सुचवलं. आचोंनी नकारार्थी मान हलवली. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून 32 अंशांवरच येतो. एक फूट भिंतीची सावली तेव्हा दीड फुटाहून जास्त आत जाते. दोन फूट भिंत केली, तर वाफ्याची तीन फुटांहून जास्त जमीन ऐन थंडीत अंधारात राहील.

सकाळी 9

सांगाडा पॉप्लरच्या सोललेल्या वाशांचा. आमच्याकडे जीआय पाइप, फाउंडेशन, नट-बोल्ट आणि गटर असतं. इथे वासा, खिळा आणि याकच्या केसांची दोरी.

छपराला दोन उतार दिले. खालचा टप्पा अडीच फुटांत चार फूट चढतो, म्हणजे 58 अंश. वरचा साडेपाच फुटांत तीन फूट चढून तुळईला भिडतो, साधारण 29 अंश. खालच्या टप्प्यावर डिसेंबरचं दुपारचं ऊन काटकोनात पडेल. वरच्या टप्प्यावर थोडं तिरकं पडेल, पण तीस-चाळीस अंशांचा तिरपेपणा प्लास्टिक सहज पचवतं. त्यापुढे मात्र ऊन आत शिरण्याऐवजी जास्त जास्त परतायला लागतं. म्हणून इथे सपाट छप्पर चालत नाही. तळेगावात आम्ही छप्पर उंच घेतो ते गरम हवा वर जाऊन बाहेर पडावी म्हणून. फॉगर, शेडनेट, वरची झडप, सगळा खर्च ऊन कमी करण्याचा. इथे सगळी मापं उलट्या बाजूने सुरू होतात.

जिथे कागद टेकणार, तिथे प्रत्येक वासा रंध्याने गुळगुळीत केला. एक फास राहिली तर ती हिवाळाभर घासून कागद फाडेल.

सकाळी 10.30

आता घाई. लेहच्या विमानतळावर बहुतेक विमानं सकाळीच का उतरतात, ते इथे महिनाभर राहिलं की कळतं. दुपारनंतर खोऱ्यातून वारा उठतो. वीस फूट लांबीचा कागद हातात असताना तो उठला, तर कागदाबरोबर माणूसही जाईल.

कागद 200 मायक्रॉनचा, अतिनील किरणांना टिकणारा. आमच्याकडचाच. फक्त इथली हवा विरळ, ऊन अधिक प्रखर, त्यामुळे तो मे महिन्यात उतरवून गुंडाळून सावलीत ठेवायचा. तसं केलं तर काही हिवाळे जास्त निघतात. आचोंनी ही रीत विद्यार्थीदशेत सेकमोलमध्ये पाहिली होती. 1988 साली सुरू झालेल्या या संस्थेच्या फे गावातल्या आवारात मोठ्या मातीच्या इमारतीला थंडीत प्लास्टिकचा दर्शनी भाग चढतो आणि उन्हाळ्यात उतरतो. गावोगावची हरितगृहं पसरली ती जेरेस ही फ्रेंच संस्था आणि तिच्या जोडीने काम करणाऱ्या स्थानिक संस्थांमुळे. त्या कामाला 2009 साली ॲशडेन पुरस्कार मिळाला.

कागद कधी ताणायचा, यावर आमचं बोलणं झालं. पहाटेच्या गारठ्यात ताणला तर दुपारी सैल पडून फडफडतो. भर उन्हात कचकचून ताणला तर जानेवारीच्या रात्री आकसून खिळ्यापाशी चिरतो. म्हणून मधली वेळ आणि मधला ताण. वरची कड तुळईवर लाकडी पट्टीखाली दाबली, पट्टी आणि कागदाच्या मध्ये जुन्या सायकल ट्यूबची चीर. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या खाचेत झिगझॅग स्प्रिंग बसवतात. पट्टीचं काम हळू होतं, पण मेमध्ये उचकटायला सोपं. खालची कड एका लांब वाशाला गुंडाळून समोरच्या भिंतीबाहेर दगडांनी दाबली.

दुपारी 12.05

ओळंब्याची सावली सरळ उत्तरेला गेली. घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा इथे वर्षभर एक नसतात, म्हणून दिशा सावलीवरूनच बघतात. घराची भिंत किंचित पूर्वेकडे वळलेली निघाली. आचो खूश झाले. रात्रभर गारठलेल्या जागेला सकाळचं ऊन जितकं लवकर मिळेल तितकं बरं.

कागद चढून तास झालेला नाही आणि आत अंगातलं जाकीट काढावं लागलं. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. या उबेवर माझा मात्र भरवसा नाही. प्लास्टिक ऊन आत घेतं, पण धरून ठेवत नाही. सूर्य मावळल्यावर त्याच्यातून उष्णता भराभर निघून जाते. रात्रीसाठी साठवण लागते आणि ती मागच्या भिंतीत आहे. दीड फूट जाडीची माती दुपारभर तापते आणि ती उष्णता उशिरापर्यंत दोन्हीकडे सोडते, एका बाजूने रोपांना आणि दुसऱ्या बाजूने खोलीला.

म्हणूनच हे हरितगृह शेतात न बांधता घराला चिकटवायचं. शेतात बांधलं तर मागची भिंत नव्याने बांधावी लागते आणि तिची मागची बाजू आभाळाला उष्णता वाटत बसते. घराला चिकटवलं की ती गळती घरातच होते.

दुपारी 1

जेवण अंगणातच. स्क्यू, म्हणजे अंगठ्याने दाबलेले कणकेचे तुकडे सलगम आणि बटाट्यासोबत शिजवलेले. हिवाळ्यात ताटात बटाटा, सलगम, गाजर, कोबी, सगळं तळघरात पुरून ठेवलेलं. हिरवं काही खायचं तर विमानाने येणारं, आणि त्याचा भाव ऐकून माणूस पुन्हा सलगमकडे वळतो. झोजी ला आणि मनालीचा रस्ता बर्फाने बंद झाला की ट्रक थांबतात.

दुपारी 2.30

वारा आला, ठरल्यासारखा. कागद एकदा फुगला आणि बसला. कुठे फडफड होते ते ऐकत मी आतून फिरलो, दोन जागी पट्ट्या वाढवल्या.

मग दुसरं काम: भिंतीला भोकं. खोलीच्या भिंतीत वर दोन आणि जमिनीलगत दोन झरोके पाडले. दुपारी गरम हवा वरच्या झरोक्यातून खोलीत जाते, खोलीतली गार हवा खालच्या झरोक्यातून हरितगृहात ओढली जाते. पंखा नको, वीज नको. पण रात्री झरोके उघडे राहिले, तर हेच चाक उलटं फिरतं आणि खोलीची ऊब प्लास्टिककडे धावते. म्हणून प्रत्येकाला लाकडी झाकण, चामड्याच्या बिजागरीवर.

दुपारी 3.15

रंगावरून वाद. भिंतीची आतली बाजू काळी करायची, कारण काळी माती जास्त तापते. अबी-ले ऐकेनात. घर चुन्याने पांढरंच असतं, काळी भिंत बघून पाहुणे काय म्हणतील? शेवटी तडजोड झाली. मागची भिंत काजळी कालवलेल्या मातीने सारवायची, समोरची बुटकी भिंत आतून पांढरी ठेवायची, म्हणजे तिच्यावरून उजेड रोपांच्या खालच्या पानांवर पडेल. वादातून निघालेली ही वाटणी माझ्या हिशेबानेही बरोबर होती.

आमा-ले तोवर वाफ्यात उतरल्या होत्या. शेळीचं कुजलेलं खत, ओढ्याची माती, थोडी राख. पालक, मेथी, कोथिंबीर आणि लेट्यूस पेरलं. पेरणीला आजचा दिवस तसा उशिराचाच. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान, वाढ जवळपास थांबते. त्याआधी रोप उभं राहिलं तरच थंडीभर पानं खुडता येतात. टोमॅटोचा हट्ट इथे हिवाळ्यात कुणी करत नाही. मार्चमध्ये याच वाफ्यात शेतासाठी रोपं तयार करायची.

दुपारी 4

ऊन अजून आहे, पण कलंडलंय. आजचं सगळ्यात महत्त्वाचं काम याच तासाचं. लेहच्या बाजारात लष्कराच्या जुन्या पॅराशूटचं कापड मिळतं. त्याचा पडदा कागदाच्या आतून, वीतभर अंतर ठेवून, दोरीवर सरकेल असा बांधला. कागद आणि पडद्यामध्ये अडकलेली हवा हीच रात्रीची गोधडी. पडदा ओढायचा तो सूर्य जाण्याआधी. अंधार पडल्यावर ओढला, तर जे वाचवायचं ते तोवर आभाळात गेलेलं असतं.

संध्याकाळी 5.30

शेजारी छांग पिऊन, हसत, आपापल्या गुरांकडे गेले. हत्यारं पुसून ठेवली. बाहेर बोटं बधिर व्हायला लागली, आत अजून नुसत्या स्वेटरवर बसता येतंय. अर्थात ओल्या मातीचा वास आणि दमटपणाही आहे. पुढचे काही दिवस दुपारी दार उघडं ठेवून ती ओल बाहेर काढावी लागेल, नाहीतर खोलीतल्या लाकडाला आणि पालकालाही बुरशी.

रात्री 8

जेवणानंतर आचोंनी मुलीच्या वहीतलं पान फाडलं आणि आखलं. सकाळी ऊन भिंतीवर आलं की पडदा उघडायचा: अबी-ले. दहाच्या सुमाराला पाणी, तेही घरात ठेवून गारठा मोडलेलं: आमा-ले. ऊन चढलं की झरोके उघडायचे आणि दुपारी दार थोडं किलकिलं: आमा-ले. चार वाजता दार, झरोके, पडदा, सगळं बंद.

या शेवटच्या ओळीपुढे नाव येईना. आचो कामावर, मुलगी शाळेतून यायला साडेचार, आमा-ले त्या वेळी गुरांना पाणी दाखवायला ओढ्यावर. अर्धा तास इकडे-तिकडे झाला तर काय होतं, मुलीने विचारलं. ऑक्टोबरमध्ये काही नाही, मी म्हटलं. जानेवारीत तोच अर्धा तास भिंतीच्या साठ्यातून वजा होतो, आणि रोज वजा होतो. अबी-ले म्हणाल्या, दुपारची वेळही माझीच, मी कुठे जाते? आचोंनी दुसऱ्यांदा त्यांचं नाव लिहिलं आणि पान झरोक्याशेजारी खिळ्याला लटकवलं.

तळेगावात गिऱ्हाईक आलं की आम्ही मायक्रॉन सांगतो, पाइपाचं गेज सांगतो, वॉरंटी सांगतो. घराला चिकटून असं काही मागणारा कुणी डोंगरातला माणूस भेटला, तर त्याला मी आधी विचारणार: रोज दुपारी चार वाजता तुमच्या घरी कोण असतं? त्याचं उत्तर नसेल, तर कागदाचं माप घेण्यात अर्थ नाही.