यंत्रराक्षसाविषयी करुणा

खलनायकाचा नाश झाला की प्रेक्षकाने समाधान पावावे, हा रंजनकथेचा जुना संकेत आहे. खलनायक यंत्र असला तर हे समाधान अधिकच निर्वेध होते. कारण यंत्र मोडले म्हणून कोणाची हत्या झाली असे मनाला वाटत नाही. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांनी या सोयीचा दीर्घकाळ लाभ घेतला. परंतु पुढे त्यांतील काही कथांनीच ही सोय प्रेक्षकांकडून काढून घेतली, ही घटना विचार करण्याजोगी आहे.

'रोबो' हा शब्दच मुळी वेठबिगारीच्या अर्थाच्या चेक शब्दावरून आला. कारेल चापेक यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकात माणसाने राबवून घेण्यासाठी घडविलेले कृत्रिम कामगार अखेर माणसावरच उलटतात. म्हणजे हा खलनायक जन्मतःच पीडितही होता. दूरचित्रवाणीला मात्र ही बाजू बराच काळ गैरसोयीची वाटली.

बी.बी.सी.च्या 'डॉक्टर हू' या मालिकेत १९६३ च्या डिसेंबरात 'डालेक' अवतरले. खऱ्या अर्थाने ते यंत्रमानव नव्हेत. पोलादी कवचात एक विरूप जीव दडलेला असतो. लेखक टेरी नेशन यांनी त्यांच्या ठायी नाझी वृत्ती कल्पिली होती. आपल्याहून भिन्न असेल ते नष्ट करावे, एवढाच त्यांचा धर्म. अशा प्राण्याविषयी कणव कशी वाटावी?

२००५ मध्ये रॉबर्ट शिअरमन यांनी लिहिलेल्या एका भागाने हे घडवून आणले. एका धनाढ्य संग्राहकाच्या तळघरात एकच डालेक साखळदंडांनी बांधलेला आहे. तो बोलावा म्हणून त्याचा छळ चालू आहे. रोझ ही तरुणी दयेने त्याला स्पर्श करते आणि त्या स्पर्शातून बळ मिळवून तो सुटतो व अनेकांचे प्राण घेतो. परंतु तिच्या मानवी अंशाने त्याच्यात भावनाही जागी होते. अखेर कवच उघडून तो क्षणभर सूर्यप्रकाश अनुभवतो आणि स्वतःचा अंत करून घेतो. त्याच वेळी शस्त्र घेऊन धावत आलेल्या नायकाच्या चेहऱ्यावर असतो तो केवळ द्वेष. राक्षस कोण, हा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो.

'स्टार ट्रेक'च्या एका मालिकेत १९९२ साली हाच प्रश्न अधिक कठोरपणे विचारला गेला. 'बोर्ग' हा जीव व यंत्र यांच्या संकरातून झालेला समूह. त्यात 'मी' हा शब्दच नाही. जखमी अवस्थेत सापडलेल्या एका तरुण बोर्गमार्फत संपूर्ण समूहात विध्वंसक आज्ञावली सोडावी, असा बेत कप्तान पिकार्ड करतो. तो स्वतः पूर्वी बोर्गांचा बळी ठरलेला आहे. पण त्या तरुणाला 'ह्यू' हे नाव मिळते, मैत्री मिळते आणि एके क्षणी तो स्वतःपुरते 'मी' म्हणून नकार देतो. ज्याला 'मी' म्हणता येते त्याला केवळ शस्त्र म्हणून वापरायचे कसे? बेत रद्द होतो.

यावर आक्षेप संभवतो की, अशी कणव बळींवर अन्याय करते. आक्षेप पोकळ नाही. १९९३ साली त्याच मालिकेने त्याला वाट करून दिली. ह्यूमुळे काही बोर्गांत व्यक्तित्व जागे झाले, ते दिशाहीन झाले आणि एका दुष्टाच्या हाती सापडून घातक ठरले. संधी दवडल्याबद्दल पिकार्डला वरिष्ठांचे खडे बोल ऐकावे लागले. दयेचे फळ गोडच असते, असे आश्वासन मालिकेने दिले नाही.

या कथांचे मोल नेमके येथे आहे. सहानुभूती म्हणजे क्षमा नव्हे. डालेकने घेतलेले प्राण त्याच्या अश्रूंनी परत येत नाहीत, आणि तसा दावाही कथा करीत नाही. शत्रूला प्रतिकार करावाच लागतो. मात्र तो करताना शत्रू हे निव्वळ यंत्र आहे, त्याला वेदना नाही, अशी समजूत करून घेणे धोक्याचे असते. इतिहासात माणसांची कत्तल करणाऱ्यांनी आधी त्यांचे माणूसपणच नाकारले होते. यंत्रातही मन शोधणाऱ्या कथा ही सवय मोडू पाहतात, आणि म्हणूनच त्या केवळ मुलांच्या करमणुकीच्या ठरत नाहीत.