गर्द ते एमडी : गिरणगावातली चाळीस वर्षं

चिंचपोकळी स्टेशनच्या पश्चिमेला उतरून सात रस्त्याकडे निघालं की साने गुरुजी मार्ग लागतो. लोक त्याला अजून आर्थर रोडच म्हणतात. या एका रस्त्यावर मुंबईचं मध्यवर्ती कारागृह आहे आणि साथीच्या रोगांचं कस्तुरबा रुग्णालयही. नशा हा गुन्हा की आजार, हा वाद गिरणगावात चाळीस वर्षं चाललाय. इतक्या वर्षांचा हिशेब काढला तर तुरुंगाच्या बाजूने झालेलं काम ठळक दिसतं. दुसऱ्या बाजूचं शोधावं लागतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, मुंबईत पसरली तीही त्याच सुमाराला. संपामुळे पोरं गर्दला लागली, असं सरसकट म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. गर्द कॉलेजच्या कट्ट्यांवर होती, उपनगरांतल्या सुखवस्तू घरांतही होती. फरक पुढे पडला. पैसेवाल्यांचा मुलगा उपचाराला गेला, इथल्या पगार बंद पडलेल्या घरातला पुलाखाली गेला.

तो सगळ्यांना दिसायचा, हे त्या काळाचं वैशिष्ट्य. फलाटाच्या टोकाला पन्नी, काडेपेटी आणि नळी घेऊन बसलेला, घरातली भांडी, नळाच्या तोट्या, तांब्याची तार विकणारा गर्दुल्ला अख्ख्या चाळीला माहीत असे. पुडी मिळाली नाही की त्याला ‘टर्की’ लागायची : अंग मोडून येणं, उलट्या, जुलाब, नाकाडोळ्यांतून पाणी. आईला पोराचं काय झालंय हे उशिरा का होईना कळायचं.

१४ नोव्हेंबर १९८५ला अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, लागू झाला. पुढच्या वर्षी २९ ऑगस्टला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांच्या या कामामागे पु. ल. आणि सुनीताबाईंची मदत होती. अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने मराठी घरांना हा विषय पहिल्यांदा नीट समजावला. आपल्याकडची व्यसनमुक्तीची भाषा, तिची रीत, तिचा धीर, सगळं घडलं ते दारू आणि गर्द या दोघींशी झुंजताना. पुढच्या पिढीच्या हाती आली ती नशा वेगळ्याच जातीची.

गर्द माणसाला पेंगवते, ही जागवते. मेथॲम्फेटामिन हे या घराण्यातलं सगळ्यात जालीम नाव. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९१९मध्ये त्याचे स्फटिक बनवले गेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना ‘पर्विटिन’ नावाने त्याच्याच गोळ्या मिळत. जपानमध्ये सैनिकांबरोबर युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या रातपाळीच्या कामगारांनीही ते घेतलं, आणि युद्ध संपल्यावर उरलेल्या साठ्याने तिथे व्यसनाची लाटच आली. गिरणगावानेही पिढ्यान्‌पिढ्या रातपाळी केली. चहा, विडी आणि तंबाखूवर केली, हे आपलं नशीबच म्हणायचं.

मुंबईच्या पोरांपर्यंत मात्र मेथपेक्षा तिची चुलतबहीण जास्त पोचली. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, म्हणजे ‘म्याऊ म्याऊ’. पांढरी पावडर, ना धूर, ना पन्नी. फेब्रुवारी २०१५पर्यंत ती एनडीपीएसच्या यादीतच नव्हती, त्यामुळे पकडलेल्या मालाचं करायचं काय हा पोलिसांपुढेच प्रश्न असे. यादीत आली आणि पुढच्याच महिन्यात साताऱ्याकडे एका पोलीस हवालदाराच्या घरात शंभर किलोहून जास्त माल सापडल्याची बातमी आली. पुढे त्या मालाच्या तपासणी अहवालांवरून बराच घोळ झाला.

तेव्हापासूनचा मागोवा वर्तमानपत्रांतून घ्यायचा तर तो किलो आणि कोटींतच घ्यावा लागतो. एप्रिल २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन जप्त केलं. इफेड्रिन म्हणजे दम्या-सर्दीच्या औषधातलं द्रव्य, आणि मेथचा कच्चा मालही. मग २०२२ला नालासोपाऱ्यात सातशे किलो एमडी, २०२३ला नाशिकजवळ शिंदे गावातला कारखाना, २०२४ला कुरकुंभमधला. गर्द सीमेपलीकडून यायची. ही आपल्याच औद्योगिक वसाहतींत, रसायनशास्त्र शिकलेल्या माणसांच्या हातून तयार होऊ लागली. पण या आकड्यांत घेणाऱ्या पोराचं वय नसतं, त्याचा रक्तदाब नसतो.

त्याच्या शरीरात होतं काय? मेथ मेंदूतलं डोपामिन एकदम मोकळं सोडते. भूक मरते, झोप उडते, दोन-तीन दिवस सलग जागरण घडतं. नाडी आणि रक्तदाब चढतो. विशीतल्या मुलालाही त्यातून हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊ शकतो. तोंड कोरडं पडून दात किडतात. एमडीचा अंमल मेथपेक्षा लवकर ओसरतो, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा ओढली जाते, नाकातून रक्त येतं. सगळ्यात फसवा भाग संशयाचा. कुणीतरी पाठलाग करतंय, घरातलेच कट करताहेत, भिंतीतून आवाज येताहेत. दहा बाय बाराच्या खोलीत हे सुरू झालं की घरच्यांना वाटतं, पोराला वेड लागलं, नाहीतर कुणी करणी केली. आधी महिनोन्‌महिने तोच मुलगा त्यांना उत्साही वाटत असतो. बारीक झालाय? जिमला जातो. रात्रभर जागतो? कॉल सेंटरची शिफ्ट आहे.

सोडताना टर्कीचा तमाशा नसतो. मुलगा दिवसचे दिवस झोपतो, खातो, आणि मग खोल निराशेत जातो. आत्महत्येचा धोका असतो तो या दिवसांत. घरचे नेमके तेव्हाच सुटकेचा निःश्वास टाकत असतात.

गर्दवाल्याला निदान ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी गोळी देता येते. मेथ-एमडीसाठी अजून तसं मान्यताप्राप्त औषध नाही. समुपदेशन, झोपेची घडी बसवणं, भ्रम असतील तर त्यांवरची औषधं, आणि लांबलचक पाठपुरावा, एवढाच मार्ग. चिंचपोकळीहून दोन स्टेशनांवर, परळला, केईएमचा मानसोपचार विभाग आहे. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइनही आहे. लोक तिथे जात नाहीत ते पोलिसांच्या भीतीने. वास्तविक एनडीपीएसचं कलम ६४अ सांगतं की किरकोळ प्रमाणात माल बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि तो पुरा केला, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. ही तरतूद जुनी आहे. छाप्यांच्या पत्रकार परिषदांत तिचा उल्लेख मी तरी ऐकलेला नाही.

मुक्तांगणमधला मुक्काम पाच आठवड्यांचा असतो, खरी लढाई त्यानंतरची, हे तिथली माणसं पहिल्यापासून सांगत आलीत. मेंदूच्या स्कॅनवरचे अभ्यासही त्याच दिशेला बोट दाखवतात. मेथ सोडलेल्यांमधली डोपामिनची यंत्रणा बऱ्यापैकी सावरायला वर्षाहून जास्त काळ गेला, आणि तेव्हाही स्मरणशक्ती पूर्वीइतकी परतली नव्हती. या वर्षभरात मुलगा चाळीतच राहणार, त्याच मित्रांत, खिशात माल मागवायचा तोच फोन घेऊन. त्याला दर आठवड्याला भेटणारं, झोपलास का, जेवलास का विचारणारं माणूस नेमायला पैसे लागतात. एका छाप्याच्या बातमीत जेवढे कोटी छापले जातात, त्यांच्या पासंगालाही न पुरणारे.