शिराज नांवाचें द्राक्ष

शाळेंत इराणचा भूगोल शिकवितांना शिराज शहराचें नांव आलें, कीं आम्ही सादी व हाफिज यांच्याबरोबर तेथील द्राक्षांचाही उल्लेख करीत असूं. आणि याच शहरांतून एक वेल फ्रान्सांत गेला व तेथें 'सिरा' या नांवानें प्रसिद्धि पावला, असें मुलांस मोठ्या विश्वासानें सांगत असूं. नांवांचें साम्य इतकें ठळक, कीं शंका घेण्याचें कधीं मनांतच आलें नाहीं. त्या वर्गांत बसलेला आमचा पुतण्या हल्लीं दिंडोरीकडे याच वेलाची बाग करतो. गेल्या माघांत त्यानें आम्हांस सांगितलें, "काका, तुमची ती इराणची गोष्ट खोटी ठरली आहे." चूक आमची, तेव्हां ती निस्तरणेंही आमच्याकडेच आलें.

घरांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत मद्याचा विषय कशाला, असें कोणी म्हणेल. आम्हीं मद्य चाखलेलें नाहीं व चाखण्याची इच्छाही नाहीं. परंतु कौटिल्यासही हा विषय वर्ज्य वाटला नाहीं. द्राक्षरसाच्या मद्यास तो 'मधु' म्हणतो, आणि कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं नांवें देशावरून पडलीं असल्याचें नोंदवितो. काबूलच्या उत्तरेस असलेल्या कापिशीवरून 'कापिशायन' हें रूप साधण्यासाठीं तर पाणिनीनें एक सूत्रच खर्ची घातलें आहे. भूमीवरून मद्य ओळखण्याची रीत इतकी जुनी. शिराजच्या बाबतींत मात्र नांवानेंच आम्हांस भलत्या भूमीवर नेऊन सोडलें.

१९९८ सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिस व फ्रान्समधील माँपेलिये येथील संशोधकांनीं या वेलाच्या जनुकांची परीक्षा केली, तेव्हां त्याचीं आईबापें फ्रान्समध्येंच सांपडलीं. एक आर्देशकडील 'दुरेझा' हें काळें द्राक्ष, दुसरें सावोयकडील 'माँद्यूझ ब्लांश' हें पांढरें. दोन्ही कुळें अगदीं सामान्य. बाहेर फारसें कोणी त्यांचें नांवही घेत नसे. इराणशीं संबंध कांहींच नाहीं.

या वेलाचें खरें माहेर म्हणजे ऱ्होन नदीचें उत्तर खोरें. तेथें ताँ गांवामागें एर्मिताज नांवाची दक्षिणाभिमुख टेकडी आहे. मोहिमेवरून परतलेला एक योद्धा तेथें एकांतवास करून राहिला, अशी आख्यायिका असून टेकडीच्या नांवाचा अर्थही 'आश्रम' असाच आहे. आश्रमावरून मद्यास नांव मिळावें, हा योग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो. हें मद्य जांभळट काळें, अंगानें भारी, आणि सालींतील व बियांतील कषाय रसामुळें नवें असतांना फार तुरट. वर्षानुवर्षें ठेवल्यावर तें निवळतें. पूर्वीं बोर्दोचे व्यापारी आपल्या पातळ मद्यास बळ यावें म्हणून त्यांत हें मिसळीत. जवळच कोत-रोती, म्हणजे 'भाजलेला उतार', आहे. तेथील चढ इतका उभा, कीं बहुतेक काम हातांनींच करावें लागतें. तेथें काळ्या द्राक्षांबरोबर व्हिओन्ये नांवाचीं पांढरीं सुगंधी द्राक्षें आंबवितात. तीं शेंकडा वीसपर्यंत चालतात.

जाणते लोक या मद्यांत मिऱ्यांचा वास येतो असें म्हणत. आम्ही तो कविकल्पनेचा भाग समजत होतों. परंतु २००८ सालीं ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें, कीं 'रोटंडोन' नांवाचें जें द्रव्य मिऱ्यांत आहे, तेंच या द्राक्षांच्या सालींत आहे. नवल असें, कीं त्यांनीं परीक्षा घेतलेल्यांपैकीं सुमारें एकपंचमांश लोकांस तो वास येईच ना! थंड प्रदेशांत हें द्रव्य अधिक उतरतें, उष्ण प्रदेशांत कमी.

उष्ण प्रदेशाचें उदाहरण म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियांतील बरोसा. जेम्स बझ्बी यानें युरोपांत हिंडून जमविलेल्या द्राक्षांच्या काड्या १८३२ सालीं सिडनीस पोंचल्या. त्यांत हा वेलही होता. बरोसांत १८४३ सालीं लाविलेले कांहीं वेल अद्याप फळ देतात. मुळें खाणाऱ्या फिलॉक्सेरा किडीनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समधील मळे उजाड केले व पुढें अमेरिकन खुंटांवर कलमें करावीं लागलीं. दक्षिण ऑस्ट्रेलियांत ती कीड पोंचली नाहीं. म्हणून या जातीचे कांहीं अति वृद्ध वेल माहेरीं नसून परदेशीं आहेत. तेथील मद्य दाट, पिकल्या फळांच्या मुरंब्यासारखें, आणि त्यांत अल्कोहोल शेंकडा चौदा-पंधरा. 'शिराज' हें नांव रूढ झालें तें तेथेंच.

नाशिककडेही तेंच नांव चालतें. समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीमुळें हिंवाळ्यांतल्या रात्री थंड असतात खऱ्या. पण वेलास पानगळीची झोंप मिळत नाहीं. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा सरतां सरतां फळांसाठीं गोडी छाटणी, अशी दोनदां कात्री लावावी लागते. काढणी जानेवारी ते मार्च.

मद्याचीं द्राक्षें लावण्यावरून आमच्या घरांत दोन वर्षें अबोला होता. वहिनींनीं बागेंत पाऊलही ठेविलें नव्हतें. यंदा पुतण्यानें एक परडी घरीं आणली. वहिनींनीं दोन मणी तोंडांत टाकले, थोडा वेळ चघळले, आणि बिया हातावर काढून म्हणाल्या, "गोड आहेत हो, पण साल केवढी जाड! हीं कांहीं नैवेद्यास चालायचीं नाहींत." परडी मात्र त्यांनीं परत दिली नाहीं.